नाताळ आणि गव्हाण

प्रश्न असा आला आहे: "माझ्या मुलीच्या शाळेत दरवर्षी नाताळ होतो. सांता, केक, झाड, सगळं असतं. बाईंनी मुलांना सांगितलं, येशूचा वाढदिवस. ख्रिस्ती माणसाच्या लेखी या सणाचा आध्यात्मिक अर्थ तेवढाच आहे का? आणि आपल्याकडे देव अवतार घेतो म्हणतात, त्याहून यात वेगळं काय?"

वसईकडच्या गावांमधून धर्मगुरू म्हणून काम करताना तीसेक नाताळ माझ्या हातून गेले. त्यात प्रवचनं झाली, धर्मशिक्षणाचे वर्ग झाले, गोठ्यांच्या स्पर्धांचं परीक्षणही झालं (ते काम कुणावर येऊ नये). त्या जोरावर लिहितो. कॅथलिक माणूस आहे, त्यामुळे उदाहरणं माझ्या घरची येतील. प्रोटेस्टंट मंडळींची उपासना वेगळी दिसते, पण सणाचा गाभा तोच.

वाढदिवसाबद्दल आधी. चर्चच्या पंचांगात वाढदिवसांना फारशी किंमत नाही. संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या तारखेला येतात, कारण त्या दिवशी ते देवाघरी गेले असं आम्ही मानतो. जन्माचे सण पंचांगात तीनच: 24 जूनला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा, 8 सप्टेंबरला येशूच्या आईचा, मरियेचा आणि 25 डिसेंबरला येशूचा. त्यातही 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. रोममध्ये चौथ्या शतकात ती पाळली जात असल्याची नोंद आहे. कुणी म्हणतं ती सूर्याच्या रोमन सणावरून आली, कुणी म्हणतं 25 मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीला हा सण करतं. तारखेवर वाद घालायला लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना चहा देतो आणि वाद सोडून देतो. आम्ही तारीख साजरी करत नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीज, अर्थ जन्म. जन्म झाला, हे महत्त्वाचं. आणि कोण जन्मला, हे त्याहून महत्त्वाचं.

आमची श्रद्धा अशी: ज्यानं सगळं निर्माण केलं तो देव नऊ महिने एका मुलीच्या पोटात वाढला आणि रडत जगात आला. मराठी ख्रिस्ती शब्द आहे 'देहधारण'. शब्द जड आहे आणि वर्गात मुलांच्या डोक्यावरून जातो. माझ्याही डोक्यावरून बरीच वर्षं जात होता. तो थोडा खाली आला तो एका गव्हाणीमुळे.

आमच्याकडे नाताळच्या आधी दोन आठवडे गावातली पोरं गोठा उभारतात. थर्मोकोलचे डोंगर, मोटर लावलेलं पाणचक्र, रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा. मधोमध बाळ येशूसाठी जी वस्तू असते ती बहुतेक वेळा पाळणाच दिसते, झालर लावलेला. एका वर्षी मी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलं, गव्हाण म्हणजे काय? एक मुलगा म्हणाला, "येशूची कॉट." चूक त्याची नव्हती. गावात तेव्हा चार घरी गुरं उरली होती.

मग त्याच गावातल्या एका शेतकऱ्याकडून मी जुनी लाकडी गव्हाण मागून आणली. त्यानं गुरं विकून टाकली होती आणि ती पडवीत उलटी पडलेली होती. जाड फळ्यांची, अडीच हात लांब. आतल्या बाजूला एके ठिकाणी दावं घासून खाच पडलेली, आणि पुढची कड काचेसारखी गुळगुळीत. मुलांनी त्या कडेवरून हात फिरवला. रंधा मारला का, असं एकीनं विचारलं. शेतकरी हसला. म्हणाला, "रंधा कसला, जिभा." तीस-चाळीस वर्षं बैल आणि म्हशी पेंढ्याची शेवटची काडी चाटून घेत होत्या, त्यानं ती कड झाली होती. आम्ही गव्हाण दोनदा धुतली, तरी तिचा वास गेला नाही. मिस्सेला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायच्या आमच्या मुख्य उपासनेला, आलेल्या काही जणांनी नाकं मुरडली, एकानं व्हार्निशचे पैसे देऊ केले. मी नको म्हटलं.

ती गव्हाण वेदीजवळ ठेवल्यावर लूकचं शुभवर्तमान मला नव्यानं वाचता आलं. (शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं.) येशूच्या जन्माचं वर्णन चार शुभवर्तमानांपैकी दोघांतच आहे, मत्तय आणि लूक. लूक अत्यंत मोजकं लिहितो. जन्माला एक ओळ: "त्याला तिने बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती." इतका हात राखून लिहिणारा माणूस काही ओळींत गव्हाण तीनदा आणतो. एकदा जन्माच्या वेळी, एकदा देवदूताच्या तोंडी, एकदा मेंढपाळ तिथे पोहोचतात तेव्हा. मधली वेळ सगळ्यांत महत्त्वाची. मेंढपाळांना देवदूत सांगतो, तारणारा जन्मला आहे, आणि ओळखायची खूण काय, तर "बाळंत्याने गुंडाळलेले व गव्हाणीत ठेवलेले एक बालक". तारा ही खूण मेंढपाळांना दिलेली नाही. तारा मत्तयच्या गोष्टीत येतो, दूरच्या ज्ञानी लोकांसाठी. गरिबांना दिलेली खूण गव्हाण.

गव्हाणीत काय ठेवतात? वैरण. खायची वस्तू. तिथे देव ठेवला. आणि गाव कोणतं? बेथलेहेम, हिब्रू भाषेत 'भाकरीचं घर'. हेच बाळ मोठं होऊन मरणाच्या आदल्या रात्री भाकर हातात घेऊन म्हणणार आहे, घ्या, खा, हे माझं शरीर आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाचा नाताळ मिस्सेशिवाय पुरा होत नाही. इंग्रजी 'ख्रिसमस' या शब्दाच्या शेवटी मिस्साच आहे. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसनं गव्हाण, गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळ केला, तेव्हा मिस्सा त्या गव्हाणीवरच झाली. आजच्या सगळ्या गोठ्यांची परंपरा त्या रात्रीशी जोडतात. मोटरचं पाणचक्र फ्रान्सिसनं लावलं नव्हतं, हे मी पोरांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ते लागतं.

बैल आणि गाढव लूकच्या गोष्टीत नाहीत, हेही सांगून टाकतो. ते आले यशया संदेष्ट्याकडून. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाची गव्हाण ठाऊक असते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी देवाची तक्रार यशयाच्या पहिल्याच अध्यायात आहे. त्या ग्रंथाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात गव्हाणीला जो शब्द आहे, तोच लूक वापरतो. म्हणजे आपल्या गोठ्यात मातीचा बैल मान खाली घालून उभा असतो, तो शोभेसाठी नाही. तो आपल्याला टोमणा आहे.

बाळंतं हा शब्दही सोडू नका. जुन्या मराठी भाषांतरकारांनी किती नेमका शब्द घातला आहे! धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा. देवाला ऊब लागते, कुणीतरी गुंडाळावं लागतं, दूध पाजावं लागतं. याच लूकच्या शेवटाकडे येशूचा देह क्रुसावरून उतरवून कापडात गुंडाळतात आणि कबरेत ठेवतात. गुंडाळलं आणि ठेवलं, पहिल्या दिवशीही आणि शेवटच्या दिवशीही. पूर्वेकडच्या चर्चच्या चित्रांत बाळाची गव्हाण कित्येकदा दगडी शवपेटीसारखी काढलेली असते. नाताळच्या आनंदात मरण कशाला, असं लोक विचारतात. आमच्याकडे सगळ्यांत मोठा सण नाताळ नाही, पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर आहे. नाताळ त्याच्या उंबरठ्यावर उभा आहे.

आता ती 'जागा नव्हती' वाली ओळ. उतारशाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॉज येतं आणि नाटकांत तो खाष्ट मालक येतो. लूकनं मालक लिहिलेलाच नाही. त्याचा शब्द आहे कातालुमा, म्हणजे पाहुण्यांची खोली असाही अर्थ होतो. शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली सांगतानाही तो हाच शब्द वापरतो. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या (वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याच्या) गोष्टीत पैसे घेऊन उतरवून घेणाऱ्या जागेला मात्र त्यानं वेगळा शब्द घातला आहे. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ते मरियेचा नवरा योसेफ याच्या नातलगांचंच घर असेल, पाहुण्यांनी भरलेलं, आणि बाळंतिणीची सोय गुरांच्या बाजूला झाली असेल. मला हा अर्थ जास्त बोचतो. दुष्टपणानं हाकललं असतं तर आपण त्यातले नाही म्हणून सुटलो असतो. इथे नुसती गर्दी होती. सणाची, पाहुण्यांची, कामाची.

एका 24 डिसेंबरला संध्याकाळी सातच्या सुमारास एक माणूस चर्चच्या घरी आला. थोडा प्यायलेला होता. "फादर, बोलायचंय." माझ्या हातात गोठा स्पर्धेच्या गुणांचा कागद, बाहेर स्पीकरवाला वायर मागतोय, गायकवृंदाची पेटी बिघडलेली. मी म्हटलं, "उद्या या." तो बरं म्हणाला आणि गेला. उद्या आला नाही, नंतरही कधी आला नाही. त्या रात्री मिस्सेत मी 'कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती' हे वाचायला घेतलं आणि आवाज फुटेना. लोकांना वाटलं, फादर भारावले.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, अवतार. इथे मला जपून बोललं पाहिजे, कारण तुमच्या श्रद्धेबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळतं. आमच्या बाजूचंच सांगतो. गीतेत 'संभवामि युगे युगे' आहे. ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच घडलं, परत परत नाही. आणि ते इतिहासाच्या ठरावीक क्षणी घडलं असं आम्ही धरून बसतो. म्हणून लूक जन्माची गोष्ट रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या नावानं सुरू करतो आणि आमच्या श्रद्धेच्या अंगीकारात, म्हणजे आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेत, येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलात नावाच्या रोमन अधिकाऱ्याचं नाव दर रविवारी येतं. प्रार्थनेत एका सुभेदाराचं नाव! पण ते खिळ्यासारखं काम करतं, गोष्ट हवेत उडू देत नाही.

औगुस्ताचं नाव आणखी एका कारणानं हवं. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रियेने या जुन्या शहरात एक शिलालेख सापडला, इ.स.पूर्व 9 सालचा. वर्षाची सुरुवात औगुस्ताच्या वाढदिवसापासून धरावी असा ठराव त्यात आहे. त्यात सम्राटाला तारणारा म्हटलं आहे, आणि या देवाचा जन्मदिवस ही जगासाठी शुभवर्तमानांची सुरुवात, असं लिहिलं आहे. तारणारा, जन्म, शुभवर्तमान. म्हणजे देवदूत मेंढपाळांशी बोलताना दरबारातलेच शब्द उचलतो आणि गोठ्यातल्या पोराला लावतो. ते ऐकणाऱ्याला तेव्हा अंगावर काटा आला असेल. आता ते शब्द कार्डावर सोनेरी शाईत येतात, त्यामुळे कुणाला काही होत नाही.

दुसरा फरक मला महत्त्वाचा वाटतो. देवानं माणसाचं सोंग घेतलं, असं आम्ही म्हणत नाही. पहिल्या काही शतकांत असं म्हणणारे होते: येशूचं शरीर नुसता भास, त्याला भूक-वेदना खरी नव्हती. चर्चनं ते ठाम नाकारलं. 325 साली निकेया इथे जमलेल्या बिशपांनी तो खरा देव असं ठरवलं, 451 साली खाल्केदोन इथे तो खरा माणूसही, आणि व्यक्ती एकच, असं मांडलं. खरा माणूस म्हणजे दमणारा, रडणारा, घाबरणारा, मरणारा. आणि एक गोष्ट ख्रिस्ती लोकांच्याही लक्षात नसते: काम संपल्यावर त्यानं देह उतरवून ठेवला नाही. पुनरुत्थानानंतर खिळ्यांचे व्रण असलेल्या देहासह तो पित्याकडे गेला. देव माणूस झाला तो कायमचा. आजारी माणसाला अंघोळ घालणं, भुकेल्याला वाढणं याला आमच्याकडे उपासनेइतकं महत्त्व का आहे, त्याचं मूळ इथे आहे. शरीर ही देवाला परकी वस्तू राहिलेली नाही.

तिसरं, येण्याचा हेतू. मत्तयमध्ये योसेफला सांगितलं जातं, त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. दुर्जनांचा नाश असं तिथे नाही. दुर्जनांपैकी पहिला मी, असं समजूनच ख्रिस्ती माणसानं गोठ्यापुढे उभं राहायचं असतं. त्याच पानावर दुसरं नाव येतं, इम्मानुएल, म्हणजे 'आम्हांबरोबर देव'. आणि मत्तयचं पुस्तक संपतं ते येशूच्या या शब्दांवर की मी सदोदित तुमच्याबरोबर आहे. सोबतीचं वचन पहिल्या अध्यायातही आणि शेवटच्या ओळीतही.

हे सगळं प्रत्यक्ष सणात कुठे दिसतं? नाताळला मिस्सा एक नसते, तीन असतात: रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. रात्री लूकमधला जन्म वाचतात, पहाटे मेंढपाळ गोठ्यात पोहोचतात. दिवसाच्या मिस्सेला गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, मरियाही नाही. तिथे योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतात (हा योहान बाप्तिस्मा देणारा नव्हे): प्रारंभी शब्द होता, शब्द म्हणजे येशूच, आणि पुढे "शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." मूळ ग्रीकमध्ये 'वस्ती केली' म्हणजे तंबू ठोकला. वाळवंटात इस्राएल लोक तंबूत राहत होते तेव्हा देवाचाही एक तंबू त्यांच्यात असे, त्याची ही आठवण. रात्रीच्या मिस्सेला उभं राहायला जागा नसते आणि सकाळच्या मिस्सेला अर्धी बाकं रिकामी. सगळे झोपलेले. सणाचा अर्थ ज्या वाचनात सांगितलाय, तेच वाचन बहुतेकांचं हुकतं!

आणखी एक गोष्ट बघायची असेल तर श्रद्धेचा अंगीकार म्हणतात त्या वेळी बघा. इतर रविवारी 'तो मरियेपासून जन्मला आणि मनुष्य झाला' या अर्थाचे शब्द आले की लोक मान लववतात. नाताळला त्याच शब्दांपाशी सगळे गुडघे टेकतात. नव्या साड्या, इस्त्रीच्या पँटी, सगळं जमिनीवर. चार-पाच सेकंदांचं काम. माझ्या मते वर्षातल्या सगळ्या उपासनेत इतकं बोलकं क्षणभराचं काही नाही: देव खाली आला, तर आम्हीही खाली. बेथलेहेमच्या जन्ममंदिराचं दारही असंच आहे, जेमतेम सव्वा मीटर उंचीचं. घोड्यावरून, गाडीसकट कुणी आत शिरू नये म्हणून ते लहान केलं असं सांगतात. आता तिथे प्रत्येकाला वाकावं लागतं.

सणाआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. वेदीवर जांभळा रंग, साधेपणा, कुमसारासाठी, म्हणजे धर्मगुरूपाशी पापं कबूल करण्यासाठी रांगा. त्या रांगांत काय ऐकायला मिळतं ते सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. पण रांगेबाहेरचं सांगता येईल: बांधावरून बोलणं टाकलेले भाऊ याच दिवसांत कधी कधी एकमेकांच्या घरी फराळाचं ताट पाठवतात. कधी कधी. दरवर्षी नाही.

आणि 25 च्या दुसऱ्या दिवशी काय? धर्मगुरूच्या अंगावर लाल वस्त्रं. 26 डिसेंबर हा स्तेफनाचा दिवस, दगडमार होऊन मेलेला पहिला हुतात्मा. 28 ला हेरोद राजानं मारलेली बेथलेहेमची बाळं. केकचा डबा अजून संपलेला नसतो आणि वेदीवर रक्ताचा रंग चढतो. हा क्रम मुद्दामच लावलेला आहे असं मला वाटतं. बाळ ज्या जगात आलं ते जग तसंच आहे, हेरोदासकट. तो आला म्हणून हेरोद नाहीसे झाले, असा आमचा दावा नाही. त्यांच्या राज्यातही देव आपल्या बाजूला उभा आहे, एवढा आहे.

मुलीला काय सांगावं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते ओघानं आलंच. वाढदिवस सांगितलात तर चूक नाही, अपुरं आहे. जमलं तर तिला एखादी खरी गव्हाण दाखवा, हात फिरवायला द्या. चर्चमध्येही घेऊन या, दार सगळ्यांना उघडं असतं. मिस्सा कुठे संध्याकाळी असते, कुठे मध्यरात्री, आधी विचारून घ्या. कम्युनियनच्या वेळी ख्रिस्ती लोक ती पवित्र भाकर घ्यायला पुढे जातील तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहिलात तरी कुणाला खटकणार नाही. गोठा लगेच काढत नाहीत. जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो असतो, आणि गर्दी ओसरल्यावर तो निवांत बघता येतो.

ती गव्हाण आता चर्चच्याच पडवीत असते, कारण शेतकऱ्याच्या घरी नवं बांधकाम झालं आणि तिला जागा उरली नाही. पावसाळ्यात तिच्यात मांजर व्यालं होतं.